मलावीला स्वयंसेवेसाठी जाण्यापूर्वी: देश समजून घेण्याची तयारी

आफ्रिकेत स्वयंसेवक म्हणून जाण्याची इच्छा असलेल्या तरुण-तरुणींचे मला अधूनमधून फोन येतात आणि बहुतेकांचे पहिले प्रश्न सामानाविषयी असतात: कपडे कोणते न्यावेत, औषधे कोणती घ्यावीत, तिथे भाजीपाला मिळतो का. प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरे एका संध्याकाळी मिळतात. ज्या देशाविषयी आपल्याला शाळेत एक ओळही शिकवली गेली नाही, तो देश थोडाफार उमगायला मात्र तीन महिने तरी लागतात, आणि हे काम विमानात बसण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण तिथे पोहोचल्यावर रोजच्या रगाड्यात त्याला सवड उरत नाही. २०१८ साली फेब्रुवारी ते नोव्हेंबर असे दहा महिने मी मलावीच्या दक्षिण भागात, झोम्बा शहराजवळच्या एका खेड्यातील शाळेत ग्रंथालय उभे करण्याचे काम केले. जाताना माझी तयारी अपुरी होती. ती कशी करायला हवी होती, हे इथे पायरीपायरीने लिहीत आहे. दुसऱ्या देशात जाणाऱ्यालाही हाच क्रम उपयोगी पडेल, मात्र तपशील त्याने स्वतः शोधले पाहिजेत. 'आफ्रिका' नावाने सरसकट शिकता येईल असे फारच थोडे आहे.

पहिली पायरी: नकाशा

मलावीचा मोठा नकाशा भिंतीवर लावा आणि रोज पाच मिनिटे त्याच्यासमोर उभे राहा. टांझानिया, झांबिया आणि मोझांबिक यांच्या मधोमध उत्तर-दक्षिण पसरलेला, समुद्रकिनारा नसलेला हा चिंचोळा देश आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,१८,५०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्श्याहून किंचित जास्त, आणि त्यातलाही मोठा भाग मलावी सरोवराने व्यापलेला. हे सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आहे, मुंबईहून रस्त्याने गोव्याला जावे एवढे. २०१८ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १ कोटी ७५ लाखांहून अधिक भरली.

लिलोंग्वे ही राजधानी मध्य भागात आहे. १९७५ पर्यंत राजधानीचा मान झोम्ब्याकडे होता. ब्लॅन्टायर ही दक्षिणेतील व्यापारी नगरी, तर म्झुझू हे उत्तरेतील मुख्य शहर. देशात २८ जिल्हे आहेत, त्यांपैकी तुमचा जिल्हा शोधून त्याभोवती पेन्सिलीने गोल काढा, कारण भाषा, पीक, धर्म आणि नातेसंबंधांची रीत या चारही गोष्टी बऱ्याच अंशी त्या गोलावरून ठरतात. मध्य भागात चेवा लोक बहुसंख्य आहेत, उत्तरेत तुम्बुका, दक्षिणेत लोम्वे आणि याओ. देशात ख्रिस्ती बहुसंख्य असले तरी सरोवराच्या दक्षिण काठावरच्या याओ वस्त्यांत मशिदी दिसतात आणि रमजान पाळला जातो. चेवा, याओ आणि लोम्वे समाजांत वंश आईकडून मोजला जातो आणि अनेक ठिकाणी लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी राहायला येतो, तर उत्तरेत वंश बापाकडून चालतो. जमीन कोणाच्या नावाची, मुलांविषयीचा शब्द कोणाचा, मामाला एवढे वजन का, हे प्रश्न तिथे रोज समोर येतात आणि आपल्या घरच्या सवयीने त्यांची उत्तरे गृहीत धरली की हमखास चूक होते.

दुसरी पायरी: नोटांवरून इतिहास

जाड इतिहासग्रंथ हाती घेण्यापूर्वी मलावीच्या चलनी नोटांची छायाचित्रे पाहा. चलनाचे नाव क्वाचा. या शब्दाचा अर्थ 'उजाडले', आणि स्वातंत्र्यलढ्यात हीच घोषणा होती.

५०० क्वाचाच्या नोटेवर जॉन चिलेम्ब्वे आहेत. अमेरिकेत शिकून परतलेल्या या धर्मोपदेशकाने जानेवारी १९१५ मध्ये गोऱ्या मळेवाल्यांच्या जाचाविरुद्ध आणि पहिल्या महायुद्धात आफ्रिकी माणसांना जुंपण्याविरुद्ध उठाव केला. उठाव काही दिवसांतच मोडला गेला आणि चिलेम्ब्वे मारले गेले. १५ जानेवारीला त्यांच्या नावाने देशभर सुट्टी असते. २०० च्या नोटेवर रोझ चिबाम्बो आहेत. १९५९ साली इंग्रज सरकारने आणीबाणी पुकारून नेत्यांची धरपकड केली, तेव्हा नुकत्याच बाळंत झालेल्या या बाईंनाही तुरुंगात टाकले. ६ जुलै १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, न्यासालँडचा मलावी झाला, चिबाम्बो सरकारात गेल्या, आणि त्याच वर्षी पंतप्रधानांशी मतभेद झाल्याने त्यांना देश सोडावा लागला. त्या परत आल्या त्या तीस वर्षांनी.

ते पंतप्रधान म्हणजे १००० च्या नोटेवरचे हेस्टिंग्ज कामुझू बांडा. ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले, १९७१ साली तहहयात राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९९४ च्या बहुपक्षीय निवडणुकीत पराभूत होईपर्यंत सत्तेवर राहिले. त्यांच्या राजवटीत स्त्रियांना विजार किंवा आखूड स्कर्ट घालण्यास कायद्याने बंदी होती. कवी जॅक मापान्जे यांना १९८७ पासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ कोणताही आरोप न ठेवता डांबून ठेवले होते. आज पन्नाशी-साठीत असलेली माणसे परक्यासमोर राजकारणावर बोलताना आवाज का उतरवतात, याचे कारण या तीन दशकांत आहे. त्यांना त्या विषयावर बोलते करण्याचा आग्रह पाहुण्याने धरू नये. सांगावेसे वाटेल तेव्हा ती आपणहून सांगतात.

एवढ्यावर थांबलात तर मात्र चित्र अर्धवट राहील. २०१९ च्या निवडणुकीत निकालपत्रांवर पांढऱ्या शाईने खाडाखोड झाल्याचे समोर आले, लोक महिनोन्महिने रस्त्यावर उतरले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ती निवडणूकच रद्द ठरवली. जूनमध्ये फेरनिवडणूक झाली आणि विरोधी पक्षाचे लाझारस चक्वेरा निवडून आले. २०२५ साली मतदारांनी त्यांनाही घरी पाठवून आधीचे राष्ट्राध्यक्ष पीटर मुथारिका यांना परत आणले. 'तिथे लोकशाही रुजायला वेळ लागेल' असे वाक्य मनात घेऊन तिथे उतरू नका.

तिसरी पायरी: भुकेचे पंचांग

मला विचाराल तर ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि नेमकी हीच वगळली जाते. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो. पहिल्या पावसाबरोबर मका पेरतात, एप्रिल-मे महिन्यांत काढणी होते आणि बहुतेक घरांचे वर्षभराचे धान्य त्या एकाच हंगामात कणगीत पडते. ते धान्य पुरले नाही की जानेवारी ते मार्च हे महिने ओढीचे जातात. शेतात पीक हिरवेगार डोलत असते आणि घरात दाणा नसतो. अशा वेळी माणसे 'गान्यू' करतात, म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर रोजंदारीने जातात आणि मोबदला पैशांत किंवा मक्याच्या पिठात घेतात.

मी फेब्रुवारीत पोहोचले आणि पंधरा दिवसांतच गावातील बायकांसाठी सकाळचा वाचनवर्ग ठेवला. पहिल्या दिवशी दोघी आल्या, दुसऱ्या दिवशी कोणीच नाही. लोकांना शिक्षणाचे महत्त्व वाटत नाही, असे मी वहीत लिहून ठेवले होते. मुख्याध्यापिकाबाईंनी शांतपणे सांगितले की बायका पहाटे गान्यूला जातात, गेल्या नाहीत तर संध्याकाळी चूल पेटत नाही, आणि वर्ग मे महिन्यात ठेवा. मे महिन्यात वर्गात बसायला जागा नव्हती. आपला कार्यक्रम आखण्याआधी तुमच्या जिल्ह्याचे पंचांग, म्हणजे पेरणी, ओढीचे महिने, काढणी, शाळेच्या परीक्षा आणि बाजाराचा वार, एका कागदावर मांडून संस्थेतील स्थानिक सहकाऱ्याकडून तपासून घ्या. त्यातच अलीकडच्या आपत्तींची नोंद करा. मार्च २०२३ मध्ये फ्रेडी चक्रीवादळाने दक्षिण मलावीत सहाशेंहून अधिक माणसे दगावली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये क्वाचाचे ४४ टक्के अवमूल्यन झाल्यावर खतापासून मिठापर्यंत सगळे महागले. जुन्या लेखांतील किमतींवर विसंबून खर्चाचा अंदाज बांधू नका.

पंचांगाला लागूनच ताट येते. मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट शिजवलेली 'न्सिमा' हे तिथले मुख्य अन्न. २०१७ साली युनेस्कोने ही पाकपरंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी मी पहिल्यांदा जेवले तेव्हा त्यांची धाकटी मुलगी तांब्यासारखे भांडे आणि तसराळे घेऊन गुडघ्यांवर बसली आणि प्रत्येकाच्या हातावर पाणी घालत गेली. ओल्या डावाने पातेल्यातून काढलेले न्सिमाचे लांबट गोळे ताटात एकावर एक रचले होते. त्यातला घासापुरता तुकडा उजव्या हाताने तोडायचा, तळव्यात वळायचा, अंगठ्याने त्याला खळगा पाडायचा आणि त्या खळग्यात 'न्दिवो', म्हणजे कोरड्यास, घ्यायचे. त्या दिवशी भोपळ्याच्या पाल्याची भाजी होती, शेंगदाण्याचे कूट घालून शिजवलेली. आपल्याकडच्या कूट घातलेल्या पालेभाजीशी तिची चव इतकी जुळत होती की मी काही न बोलता दुसऱ्यांदा वाढून घेतली. घरी उकड आणि भाकरी खाणाऱ्याला हाताने जेवण्याचा हा भाग मुळीच जड जात नाही. शाकाहारी असाल तर जाण्यापूर्वीच कळवा. पालेभाज्या, वाल, राजमा सहज मिळतात, पण उसिपा नावाची वाळवलेली बारीक मासळी अनेक घरांत स्वस्त कोरड्यास म्हणून रोज असते, आणि आयत्या वेळी ताट परत करणे यजमानाला लागते.

चौथी पायरी: भाषा, निदान नमस्कारापुरती

सरकारी कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून अनेकजण चिचेवा या स्थानिक भाषेकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नका. मराठी माणसाला या भाषेतली एक गोष्ट लगेच पटते: आपल्यासारखेच तिथेही तू आणि तुम्ही वेगळे आहेत. 'उली ब्वान्जी' म्हणजे तू कसा आहेस, 'मुली ब्वान्जी' म्हणजे तुम्ही कसे आहात. नवख्याने सर्वांशी 'मुली'च वापरावे, अगदी तरुण सहकाऱ्याशीही. उत्तर येते 'न्दिली ब्विनो, काया इनू', मी बरा आहे, तुम्ही? सकाळी 'म्वाझुका ब्वान्जी' विचारतात, म्हणजे कसे उठलात. हा नमस्कार दोन्ही बाजूंनी पूर्ण झाल्याशिवाय कामाचे बोलणे सुरू करत नाहीत. कार्यालयात शिरून थेट 'फाइल झाली का' असे विचारणारा माणूस तिथे उर्मट ठरतो.

वडीलधाऱ्या पुरुषाला 'बाम्बो', स्त्रीला 'आमायी', आजी-आजोबांच्या वयाच्या माणसाला 'आगोगो' म्हणतात. दाराशी थांबून 'ओडी' अशी हाक द्यायची आणि आतून 'ओडिनी' ऐकू आल्यावरच पाऊल टाकायचे. 'झिकोमो' म्हणजे आभार. 'पेपानी' हा शब्द मला फार आवडतो. त्याचा अर्थ क्षमा असा सांगतात, पण तुम्ही रस्त्यात ठेचकाळलात तर ज्याचा काही संबंध नाही असा वाटसरूही 'पेपानी' म्हणतो.

तुमचा जिल्हा उत्तरेत असेल तर मात्र चिचेवाऐवजी तुम्बुका शिका. १९६८ साली चिचेवाला राष्ट्रभाषा केले आणि तुम्बुका आकाशवाणीवरून व वृत्तपत्रांतून हद्दपार झाली, हे तिथली माणसे विसरलेली नाहीत. 'मुली उली' असा नमस्कार आणि 'येवो' असे आभार एवढे जरी आले तरी म्झुझूकडे त्याचे मोल होते.

पाचवी पायरी: आपण तिथे कोण असतो

आपण भारतीय, म्हणजे गोऱ्या स्वयंसेवकांपेक्षा वेगळे, आपल्याला तिथे सहज आपलेसे करतील, अशी समजूत घेऊन मी गेले होते. मलावीत गोऱ्या माणसाला 'म्झुंगू' म्हणतात आणि भारतीयाला 'म्म्वेन्ये', आणि या दुसऱ्या शब्दामागे शंभराहून अधिक वर्षांचा दुकानदारीचा इतिहास आहे. तिथले भारतीय वंशाचे लोक मुख्यतः गुजराती व्यापारी. १९७० च्या दशकात बांडा सरकारने त्यांना ग्रामीण भागातील व्यापार सोडून मोजक्या शहरांत राहायला भाग पाडले, त्यामुळे अनेक पिढ्यांची घरे-दुकाने मागे राहिली. दुसऱ्या बाजूला, मालक भारतीय आणि नोकर मलावियन हे दृश्य तिथल्या माणसाने आयुष्यभर पाहिले आहे आणि त्यातील वागणुकीचे कडू अनुभवही त्याच्याकडे आहेत. २०१८ मध्येच ब्लॅन्टायरमध्ये गांधीजींच्या पुतळ्याचे काम सुरू झाले होते. दक्षिण आफ्रिकेतील सुरुवातीच्या वर्षांत कृष्णवर्णीयांविषयी त्यांनी जे लिहिले होते त्याकडे बोट दाखवून लोकांनी विरोध केला आणि ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने काम थांबवले. मला त्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत विचारले गेले, तेव्हा माझ्याजवळ वाचून आलेले उत्तर नव्हते. तुम्ही ते लिखाण वाचून जा आणि विचारले तर बचावाचा पवित्रा न घेता बोला.

महाराष्ट्राशी सर्वांत जवळचा धागा मात्र तुरीचा आहे. दक्षिण मलावीत तूर मोठ्या प्रमाणावर पिकते, तिला 'नान्दोलो' म्हणतात आणि तिचा मोठा ग्राहक भारत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. त्या आधीच्या हंगामात आपल्याकडे तुरीचे उत्पादन उदंड होऊन विदर्भ-मराठवाड्यातील शेतकरी खरेदी केंद्रांबाहेर दिवसेंदिवस ताटकळले होते. झोम्ब्याच्या बाजारात तुरीच्या ढिगामागे बसलेल्या एका आजींनी मी भारताची आहे हे कळल्यावर विचारले, तुम्ही आमचे नान्दोलो घेणे का बंद केले? पुढे २०२१ मध्ये भारताने पाच वर्षांसाठी दरवर्षी ५० हजार टन तूर मलावीहून घेण्याचा करार केला. आपल्या वरणाचा संबंध कोणाच्या शाळेच्या फीशी आहे, हे कळून गेलेला स्वयंसेवक बाजारात निराळ्या नजरेने उभा राहतो.

सहावी पायरी: आधीपासून काम कोण करते आहे

तुमच्या विषयात मलावीने काय साधले आहे ते जाण्यापूर्वी शोधा. २०११ मध्ये एचआयव्हीबाधित प्रत्येक गरोदर स्त्रीला आयुष्यभर औषधोपचार देण्याचे धोरण मलावीने आखले आणि नंतर इतर देशांनी ते उचलले. हिवतापाची लस नेहमीच्या लसीकरणातून देण्याचा पहिला प्रयोग एप्रिल २०१९ मध्ये तिथेच सुरू झाला. खुपरी या डोळ्यांच्या रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मान्य केले. गावपातळीवर आपल्या आशाताईंसारखे पण सरकारी पगारावरचे आरोग्य साहाय्यक असतात आणि जिल्हा रुग्णालयांत बऱ्याच शस्त्रक्रिया 'क्लिनिकल ऑफिसर' करतात, जे डॉक्टर नसून त्या कामासाठी खास शिकवलेले असतात. त्यांना शिकवायला निघण्याआधी त्यांच्याकडून शिकण्याची तयारी ठेवा. डॉक्टर व परिचारिकांनी तिथल्या वैद्यक परिषदेची किंवा परिचारिका परिषदेची नोंदणी घेतल्याशिवाय रुग्णाला हात लावू नये. गावात काही काळ राहणार म्हणून नियम सैल होत नाहीत.

संस्थेला पुढील गोष्टी लेखी विचारा. ती कॉन्गोमा या स्वयंसेवी संस्थांच्या परिषदेची सदस्य आहे का आणि नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेली आहे का? हे काम गावाने मागितले की संस्थेने सुचवले? हेच काम करू शकणारी स्थानिक पगारी व्यक्ती आहे का, आणि असल्यास ती का नेमली नाही? तुम्ही भरता त्या पैशांपैकी जिल्ह्यात किती पोहोचतात? तुम्ही परतल्यावर काम कोणाच्या हाती जाणार? अनाथाश्रमात थोड्या आठवड्यांसाठी बोलावणाऱ्या संस्थेपासून दूर राहा. तिथल्या पुष्कळ मुलांना जवळचे नातेवाईक असतात, आणि दर महिन्याला नवी ताई-दादा येऊन निघून जाणे मुलांना सोसत नाही.

सातवी पायरी: कागद आणि प्रकृती

कोणत्या प्रकारच्या परवान्यावर स्वयंसेवेचे काम करता येते ते संस्थेकडून लेखी मागवा. पर्यटक व्हिसावर जाऊन काम सुरू करा असे कोणी सांगत असेल तर ते ऐकू नका. मुंबईहून जाणारे अनेकजण अदिस अबाबामार्गे जातात. इथिओपिया पीतज्वराच्या देशांत मोडत असल्याने पीतज्वराच्या लशीचे पिवळे कार्ड जवळ असावे, नाहीतर परतताना भारतात विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने निघण्याआधी सुरू करा आणि मच्छरदाणीत झोपा. परत आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर मलावीत राहून आल्याचे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. सरोवराच्या उथळ पाण्यात गोगलगायींमार्फत पसरणारा बिल्हार्झिया हा कृमींचा रोग होतो, त्यामुळे पोहला असाल तर तेही सांगा. लिलोंग्वेत भारताचे उच्चायुक्तालय आहे, तिथे पोहोचताच नोंद करा. एअरटेलचे सिम तिथेही मिळते आणि खेड्यातही मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. वीज मात्र तासन्‌तास जाते.

शेवटची पायरी: पहिले पंधरा दिवस

या दिवसांत काम सुरू करू नका, भेटी घ्या. पारंपरिक प्रमुख आणि त्याच्या खालचे गावप्रमुख यांची व्यवस्था जिल्हा परिषदेच्या बरोबरीने चालते आणि गावात नव्याने आलेल्या माणसाने 'आम्फुमू', म्हणजे गावप्रमुख, यांना भेटल्याशिवाय काही हाती घेऊ नये. मी पहिल्याच आठवड्यात त्यांना न भेटता शाळेजवळच्या हातपंपाचे आणि पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो काढले, पडक्या खोलीची मापे घेतली. कोणी एका शब्दाने टोकले नाही. ग्रंथालयाच्या बैठकीला मात्र गावातून कोणीही आले नाही. मग मुख्याध्यापिकाबाईंनी मला 'चितेन्जे' कमरेला गुंडाळायला दिले (पायघोळ रंगीत कापड, गावात विजारीवर तेच नेसतात), साखरेचे दोन पुडे आणि साबणाच्या वड्या घ्यायला लावल्या आणि आम्ही आम्फुमूंच्या घरी गेलो. त्या चटईवर बसल्या, म्हणून मीही बसले. वस्तू उजव्या हाताने दिल्या, डावा हात उजव्या कोपराला लावून. त्यांनी हलकेच टाळ्या वाजवून त्या स्वीकारल्या, घरच्यांची चौकशी केली, भारतात पाऊस कधी पडतो ते विचारले, आणि अर्ध्या तासाने प्रश्न केला की मी गेल्यावर ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे राहील. माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे दोन नावे सुचवली, एक शिक्षक आणि एक बचतगटाच्या प्रमुख बाई, आणि पुढच्या बैठकीला निरोप त्यांच्याच घरून गेला.